विंडोज दुरुस्तीची बॅच फाइल: क्रम कोणता ठेवायचा आणि काय वगळायचं?

पारोळेकर
सेवा केंद्रातल्या सहा मशीनसाठी एक बॅच फाइल (एकामागून एक कमांड चालवणारी फाइल) बनवतोय. चार मशीनवर विंडोज १०, दोनवर विंडोज ११. तीन अजून फिरत्या हार्डडिस्कवर आहेत, बाकीच्यांना एसएसडी. बसणारी मुलं अर्ज भरण्यात तरबेज, पण काळी खिडकी उघडली की हात मागे घेतात. डबल-क्लिक केलं की मशीनने स्वतःला तपासावं, जमेल ते दुरुस्त करावं आणि अहवाल एका फाइलमध्ये टाकावा, एवढंच हवंय.

सध्याचा क्रम: एसएफसी /स्कॅननाऊ (विंडोजच्या फाइल तपासते), मग डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ (त्या फाइलचा मूळ साठा दुरुस्त करतं), मग चेकडिस्क सी: /एफ /आर (डिस्क तपासतं), मग रीस्टार्ट. (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्या.)

अडचणी तीन. एका मशीनवर एसएफसी म्हणते की काही फाइल दुरुस्त करता आल्या नाहीत. दुसऱ्यावर डिसम ६२.३ टक्क्यांवर अडकतं. तिसरं मशीन सुरूच होत नाही, "ऑटोमॅटिक रिपेअर"च्या फेऱ्यात फिरतंय. क्रम बरोबर आहे का? आणि हे दर महिन्याला आपोआप चालवावं का?

तापीकाठ
क्रम उलटा आहे. एसएफसी सिस्टिमच्या फाइल ताडून पाहते ती विनएसएक्सएस फोल्डरमधल्या साठ्याशी, आणि बिघडलेल्या फाइलची चांगली प्रत आणते तीही तिथूनच. साठ्यातलीच प्रत खराब असेल तर ती बिचारी आणणार कुठून? पहिल्या मशीनवरचा संदेश बहुतेक त्याचाच आहे. रिस्टोअरहेल्थ हा साठा दुरुस्त करतं, विंडोज अपडेटवरून प्रती आणून. म्हणून आधी डिसम, मग एसएफसी. मायक्रोसॉफ्टच्या मदत पानावरही हाच क्रम आहे.

६२.३ म्हणजे अडकणं नव्हे. आकडा तिथे थांबतो, काम चालू असतं. टास्क मॅनेजर उघडून डिस्क आणि प्रोसेसर हलतोय का ते बघा, किंवा विंडोज\लॉग्ज\डिसम मधली डिसम.लॉग उघडून शेवटच्या ओळीची वेळ बघा. वेळ पुढे सरकत असेल तर हात लावू नका. हार्डडिस्कवर अर्धा तास सहज जातो.

धुळ्याचा_वारा
तापीकाठ यांच्याशी अर्धाच सहमत. खराब मशीनवर डिसम आधी, मान्य. पण मशीन धडधाकट असेल तर रिस्टोअरहेल्थला फुकट नेट आणि वेळ कशाला द्यायचा? खेड्यातल्या केंद्रात नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतं. आधी एसएफसी, तिने तक्रार केली तरच डिसम आणि मग पुन्हा एसएफसी. एसएफसीला नेट लागत नाही.

सातपुडा_पायथा
किंवा आधी डिसमचं /चेकहेल्थ. काही सेकंदांत उत्तर. साठा ठीक म्हणाला तर पुढे जायचं, "दुरुस्त होण्याजोगा" म्हणाला तरच रिस्टोअरहेल्थ.

तापीकाठ
@सातपुडा_पायथा, चेकहेल्थ स्वतः काहीच तपासत नाही. आधीच्या एखाद्या तपासणीत "बिघाड" अशी खूण पडली आहे का, तेवढंच वाचून सांगतं. म्हणून तर सेकंदात होतं. कालच बिघडलेला साठा त्याला ठीकच दिसेल. खरी तपासणी /स्कॅनहेल्थची, तिला काही मिनिटं लागतात, पण नेट लागत नाही. धुळ्याचा_वारा यांची नेटची अडचणही त्यात सुटते: स्कॅनहेल्थने बिघाड दाखवला तरच रिस्टोअरहेल्थ.

धुळ्याचा_वारा
हे पटलं.

भुसावळ_यार्ड
क्रमावर एवढी चर्चा, आणि त्या यादीतल्या सुरुंगाकडे कुणी बघेना! चेकडिस्कचं /आर बॅच फाइलमधून आधी काढा.

/एफ फक्त फाइल सिस्टिमच्या नोंदी दुरुस्त करतं. /आर मध्ये /एफ आलंच, शिवाय ते डिस्कचा प्रत्येक सेक्टर (साठवणीचा छोटा तुकडा) वाचतं. १ टीबीची हार्डडिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास, आणि डिस्क थकलेली असेल तर अख्खा दिवस, कारण प्रत्येक खराब सेक्टरवर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला एवढं राबवलं की ती त्या रात्रीच जाते. त्यात सी: ड्राइव्ह असल्यामुळे हे रीस्टार्टनंतर चालणार, म्हणजे सकाळी केंद्र उघडल्यावर समोर टक्केवारी आणि बाहेर रांग. मधेच लाइट गेली तर नोंदी अर्धवट लिहिलेल्या.

त्याऐवजी चेकडिस्क सी: /स्कॅन. विंडोज ८ पासून आहे, मशीन चालू असताना चालतं. काही सापडलं तर चेकडिस्क सी: /स्पॉटफिक्स, ते रीस्टार्टला फक्त सापडलेल्या जागाच दुरुस्त करतं, म्हणून चटकन उरकतं.

अमळनेरची_माती
पण त्याआधीही एक पायरी हवी, डिस्कची तब्येत. फाइल बिघडतात त्यामागे डिस्कच असेल तर डिसम-एसएफसी कितीही चालवा, आठवड्याने पुन्हा तेच.

स्मार्टमॉनटूल्स नावाचं मोफत साधन आहे. त्यातलं स्मार्टसीटीएल -ए, पुढे डिस्कचं नाव, असं चालवलं की तक्ता येतो. हार्डडिस्कसाठी चार ओळी बघायच्या: ५, १९७, १९८ आणि १९९. कच्चा आकडा म्हणजे रॉ व्हॅल्यू बघा, शेजारचे १०० आणि २०० नव्हे. ५ म्हणजे बदली जागेवर हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता येत नाहीत, अजून निर्णय बाकी. १९८ डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले. १९७ शून्याच्या वर गेला की आधी बॅकअप, बाकी गोष्टी नंतर.

१९९ वेगळा आहे. तो केबलमधल्या चुकांचा. डिस्क बदलण्याआधी साटा केबल बदला. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो वाढतोय का एवढंच बघायचं.

काही बसवायचं नसेल तर पॉवरशेलमध्ये गेट-फिजिकलडिस्क लिहा, हेल्थस्टेटस दिसतो. पण तो "हेल्दी" म्हणेपर्यंत म्हणतो आणि मग एकदम बोंब.

जुन्या स्क्रिप्टमधलं डब्ल्यूएमआयसी वापरू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते मुळात बसवलेलंच नसतं.

भरीत_पुरी
पारोळेकर भाऊंनी वांगं, मिरची, लसूण सगळं एकाच बडगीत टाकून ठेचलंय. भरीत होतं असं, दुरुस्ती नाही.

कान्हदेशी_गडी
भो, बठ्ठं सोडी दे, पहिले बॅकअप लई ठेव.

चाळीसगाव_जंक्शन
तिसऱ्या मशीनबद्दल कुणी बोललं नाही. फेऱ्यात अडकलेल्या मशीनवर बॅच फाइल चालणारच नाही, ते काम रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून करायचं. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट.

तिथे पोचल्यावर प्रॉम्प्ट एक्स: दाखवतो. ती मेमरीत उभी केलेली तात्पुरती ड्राइव्ह आहे, तुमची विंडोज नव्हे. आणि तुमची सी: तिथे डी: किंवा ई: झालेली असू शकते. डिस्कपार्ट, मग लिस्ट व्हॉल्युम, आकार बघून ओळखा, एक्झिट. डीआयआर करून विंडोज फोल्डर खरंच तिथे आहे याची खात्री करा. नेटवरचे उतारे "सी:" धरून लिहिलेले असतात, माणसं तसेच्या तसे मारतात आणि मग म्हणतात काहीच होत नाही.

पुढे समजा ती डी: निघाली. आधी डी:\विंडोज\सिस्टिम३२\लॉगफाइल्स\एसआरटी मधली एसआरटीट्रेल.टीएक्सटी नोटपॅडने उघडा. हो, नोटपॅड तिथे चालतं. ऑटोमॅटिक रिपेअरने कोणत्या चाचण्या केल्या आणि मूळ कारण काय ठरवलं ते शेवटाकडे लिहिलेलं असतं, बऱ्याचदा एखाद्या ड्रायव्हर फाइलचं नावच मिळतं.

अर्धवट अपडेटमुळे अडकलं असेल तर डिसम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स. इथे /ऑनलाइन लिहायचं नाही, त्याचा अर्थ एक्स: होतो आणि डिसम नकार देतं. एसएफसीलाही सांगावं लागतं: एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज.

बूटच्या फाइल गेल्या असतील तर बूटरेक /फिक्सबूट यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली व्यवस्था) मशीनवर "अॅक्सेस डिनाइड" म्हणतं. त्याच्याशी झगडू नका. डिस्कपार्टमध्ये ती छोटी फॅट३२ वाली ईएफआय पार्टिशन (बहुधा १०० एमबीची) निवडून तिला एस अक्षर द्या, मग बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. बूट फाइल नव्याने लिहिल्या जातात.

शिरपूर_पॅटर्न
यात एक राहिलं. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिथे ४८ आकडी रिकव्हरी की मागते. विंडोज ११ चं २४एच२ कोऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने बसवलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. आज, मशीन चालू असताना, मॅनेज-बीडीई -स्टेटस बघा. चालू असेल तर मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी: ने की काढून कागदावर उतरवा. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

नंदुरबार_मिरची
बीसीडीबूट, बिटलॉकर, बापरे. आमच्या केंद्रावर तक्रारी दोनच: प्रिंटर छापत नाही आणि बोटाचं मशीन लागत नाही. ते या बॅच फाइलने सुटेल का?

तापीकाठ
नाही सुटणार, ताई. एसएफसी फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल बघते. बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर, टॅलीचा डेटा, ब्राउझर यांना ती हात लावत नाही. टॅलीचा डेटा बिघडला म्हणून एसएफसी चालवणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्रिंटरसाठी वेगळी चार ओळींची बॅच ठेवा. नेट स्टॉप स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबते), मग विंडोज\सिस्टिम३२\स्पूल\प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइल पुसा (फोल्डर नाही, आतल्या फाइल), मग नेट स्टार्ट स्पूलर. अडकलेली छपाई निघून जाते. स्पूलर थांबवल्याशिवाय फाइल पुसल्या जात नाहीत, इथेच लोक अडतात.

सातपुडा_पायथा
बोटाच्या मशीनची सेवा वारंवार बंद पडत असेल तर विंडोजलाच सांगून ठेवता येतं की ती पुन्हा सुरू कर. एससी फेल्युअर, मग सेवेचं नाव, रिसेट= ८६४०० अॅक्शन्स= रीस्टार्ट/६००००/रीस्टार्ट/६००००. सेवा पडली की मिनिटाने उठते. वेळ मिलिसेकंदात आहे, रिसेट मात्र सेकंदात. आणि बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडायचीच, नाहीतर कमांड वापरायची पद्धत छापते आणि गप्प बसते.

सेवेचं नेमकं नाव एससी क्वेरीने मिळतं. यादीत दिसणारं लांब नाव चालत नाही.

नंदुरबार_मिरची
हे आजच करते. धन्यवाद दादा.

जळगाव_४५_अंश
विषयांतर वाटेल, पण आपल्याकडे फाइल बिघडण्याचं पहिलं कारण व्हायरस नाही, लाइट आहे. एप्रिल-मे मध्ये शेतीपंप आणि कूलर एकदम चालू झाले की दाब खाली-वर होतो, आणि लिहिता लिहिता मशीन बंद पडलं की डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहतात.

मोजायचं असेल तर: वेव्हट्युटिल क्यूई सिस्टिम /क्यू:"*[सिस्टिम[(इव्हेंटआयडी=४१)]]" /सी:२० /आरडी:ट्रू /एफ:एक्सएमएल. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. आत बगचेककोड बघा. शून्य असेल तर वीज गेली, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कच्चा आहे किंवा गरम होऊन मशीन झटकन बंद पडलं. शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती, मग मिनिडम्प फोल्डरकडे (निळ्या स्क्रीनच्या नोंदी तिथे असतात) जायचं. आकडा दशमानात असतो, नेटवर शोधताना हेक्समध्ये बदलून घ्या. हे पारोळेकरांच्या अहवालात नक्की टाका. नोंदी दुपारी दोन ते पाचच्या असतील तर बॅच फाइल नको, यूपीएस आणि ब्लोअर घ्या.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत हीटसिंकवर कापसाचा नमदाच बसलेला असतो, तो ब्लोअरने निघत नाही. पंखा उतरवून ब्रशने काढावा लागतो.

रावेर_वखार
+१. यूपीएसची बॅटरीही उन्हाळ्यात जाते. शिशाच्या बॅटरीसाठी ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. पत्र्याच्या खोलीत टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवू नका.

धुळ्याचा_वारा
गरमीवरून धागा भरकटायच्या आत डिसमचा एक मुद्दा. नेट नसेल तर आयएसओ (विंडोज बसवायच्या डिस्कची एकसंध फाइल) माउंट करून /सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:१ /लिमिटअॅक्सेस देता येतं. पण शेवटचा तो १ आंधळेपणाने टाकू नका. डिसम /गेट-विमइन्फो /विमफाइल: ने यादी काढा, होम आणि प्रो वेगवेगळ्या क्रमांकावर असतात. फोल्डरमध्ये इन्स्टॉल.विम ऐवजी इन्स्टॉल.ईएसडी असेल तर विमच्या जागी दोन्हीकडे ईएसडी लिहा.

०एक्स८००एफ०८१एफ आलं तर "स्रोत सापडला नाही". बहुतेक वेळा आयएसओ जुना आणि मशीनवरची अपडेट नवी असतात, त्यामुळे हव्या त्या आवृत्तीची फाइल त्यात नसतेच. अशा वेळी लिमिटअॅक्सेस काढून नेटला जाऊ द्या. तेही जमलं नाही तर चालू विंडोजमध्येच आयएसओचं सेटअप उघडून "फाइल आणि अॅप ठेवा" म्हणत वरूनच विंडोज पुन्हा बसवा. तासाभराचं काम, पण डिसमशी दोन दिवस झुंजण्यापेक्षा स्वस्त.

यावल_वेफर्स
एवढं सगळं हाताने करण्यापेक्षा एका क्लिकवाली "पीसी रिपेअर" सॉफ्टवेअर मिळतात ना? एक पेनड्राइव्हवर फिरतंय.

भुसावळ_यार्ड
त्यातली बरीचशी आतून हेच एसएफसी-डिसम चालवतात, वर रजिस्ट्री "साफ" करतात आणि तीन हजार चुका सापडल्या म्हणून पैसे मागतात. पेनड्राइव्हवरून आलेलं तर नकोच नको. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद ज्या मशीनवर येतात तिथे असं काही चालवायचं?

शिरपूर_पॅटर्न
खरं आपोआप हवं असेल तर विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये क्विक मशीन रिकव्हरी आलंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली आणि माणसांना एकेका मशीनपुढे बसून ती फाइल पुसावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने हे जाहीर केलं. मशीन पुन्हा पुन्हा सुरू व्हायला नापास झालं की रिकव्हरीत जाऊन स्वतः नेटला जोडतं आणि उपाय उपलब्ध असेल तर उतरवून लावतं.

होमवर ते मुळातच चालू असतं, प्रोवर सुरुवातीला हाताने चालू करावं लागायचं, म्हणून तिथे तपासून घ्या. तालीम करायची तर रीएजंटसी /सेटरिकव्हरीटेस्टमोड, मग रीएजंटसी /बूटटुआरई आणि रीस्टार्ट. नेट केबलचं किंवा साध्या पासवर्डवालं वायफाय लागतं. आणि मुळात रीएजंटसी /इन्फो मध्ये "एनेबल्ड" दिसलं पाहिजे. ते बंद असेल तर वर चाळीसगाव_जंक्शन यांनी लिहिलेलंही काही उघडणार नाही.

तापीकाठ
पण हे मायक्रोसॉफ्टला माहीत असलेल्या, पसरलेल्या बिघाडासाठी आहे. पारोळ्यातल्या एका मशीनची केबल ढिली झाली तर वरून काही येणार नाही.

आणि पारोळेकर, त्या चार विंडोज १० चं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला त्यांचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट संपला.

पारोळेकर
त्या चारांपैकी दोन ११ वर जाऊ शकतात, दोनचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत बसत नाहीत. तो वेगळा धागा होईल.

वरचं वाचून नवा क्रम: स्मार्टसीटीएलचे चार आकडे आणि ४१ च्या नोंदी अहवालात, मग चेकडिस्क /स्कॅन, मग स्कॅनहेल्थ, बिघाड असेल तरच रिस्टोअरहेल्थ, शेवटी एसएफसी. /आर गेलं. रीस्टार्टही काढला, तो माणूसच करेल. १९७ शून्य नसेल तर फाइल तिथेच थांबते आणि "बॅकअप घ्या" छापते. एकच गोची: एसएफसीचा निकाल फाइलमध्ये वळवला की अक्षरांमध्ये मोकळ्या जागा येतात आणि फाइंडस्ट्रला (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) शब्दच सापडत नाही.

अमळनेरची_माती
एसएफसी युटीएफ-१६ मध्ये लिहिते, म्हणून प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट. तिचा पडद्यावरचा मजकूर सोडून द्या. फाइंडस्ट्र /सी:"[एसआर]" ने विंडोज\लॉग्ज\सीबीएस\सीबीएस.लॉग मधल्या ओळी काढा, त्यात कोणती फाइल दुरुस्त झाली, कोणती नाही, सगळं नावानिशी असतं. त्या लॉगमध्ये जुन्या फेऱ्याही असतात, तारीख बघूनच घ्या.

डिसमच्या कमांडला /इंग्लिश जोडा. एखाद्या मशीनची भाषा मराठी किंवा हिंदी असेल तर निकालाचा मजकूर बदलतो आणि शब्द शोधणारी स्क्रिप्ट आंधळी होते. चेकडिस्कसाठी मजकूर नको, एररलेव्हल (कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा) बघा: ० काही नाही, १ सापडलं आणि दुरुस्त केलं, ३ म्हणजे तपासता आलं नाही किंवा दुरुस्ती झाली नाही.

धुळ्याचा_वारा
आणि मुलांना अॅडमिन पासवर्ड देऊ नका. शेड्यूल्ड टास्क करा, सिस्टिम खात्यावर चालणारा. मुलांनी फक्त अहवाल वाचायचा.

पारोळेकर
टास्क रात्री दोनला लावला तर चालेल? केंद्र सातला बंद होतं.

सातपुडा_पायथा
मशीनच बंद असेल तर टास्क चालणार कसा? "वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव" हा पर्याय शेडटास्क्सच्या साध्या कमांडमध्ये नाही. पॉवरशेलमध्ये न्यू-शेड्यूल्डटास्कसेटिंग्जसेट -स्टार्टव्हेनअव्हेलेबल द्यावं लागतं. पण मग सकाळी मशीन लावल्या लावल्या सुरू होईल आणि हार्डडिस्कवाली तीन मशीन तासभर रांगणार. त्यापेक्षा दुपारी जेवणाच्या सुट्टीत, महिन्यातून एकदा, सहाही मशीनना वेगवेगळे दिवस. लॅपटॉप असेल तर "बॅटरीवर असताना चालवू नये" ही खूण मुळातच असते, चार्जर लावून ठेवा.

भरीत_पुरी
आणि बाजाराचा दिवस सोडून, भाऊ. त्या दिवशी जेवणाची सुट्टी कुणाला मिळते?